शेजारच्या हिरवळीवरची पाटी

रविवार, ३१ ऑगस्ट

डॉक्टर बाई म्हणाल्या, "मिस्टर पेटिग्रू, मनात येईल ते लिहून काढत जा. बरं वाटेल." मला बरंच आहे. तरी वही आणली, नाहीतर पुढच्या खेपेला परत तेच प्रवचन.

पहिल्या पानावर ओळख करून द्यायची असते म्हणे. घ्या. हॉलिस पेटिग्रू, निवृत्त भूमिती शिक्षक. अर्धं बेल्मोर गाव माझ्या हातून नापास झालेलं आहे. आता दर सोमवारी गावच्या पेपरात 'गुणपत्रिका' लिहितो. शनिवारी बेल्मोर स्टेट कॉलेजची टीम फुटबॉल खेळते, आमचा अमेरिकन, रविवारी मी बसून सगळ्यांना श्रेणी देतो. टीमचं नाव 'खेचरं'. अलाबामात बाकीच्यांच्या टीमा वाघ-गरुडांच्या नावाच्या. आमच्या पूर्वजांना निदान खरं बोलायची हौस होती.

ए श्रेणी मी आजवर कुणालाही दिलेली नाही. ती ज्यानं कमवावी असा माणूस खेचरांमध्ये अजून जन्माला यायचाय.

काल जिंकलो. समोरचं कॉलेज इतकं लहान की त्यांच्या बॅण्डमधला ढोलवाला मध्यंतरानंतर मैदानात उतरला असता तरी नवल नव्हतं. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढे फेकणारा पोरगा, बी मायनस. आघाडीची ओळ, म्हणजे क्वार्टरबॅकला मार बसू नये म्हणून त्याच्यापुढे उभी केलेली पाच धिप्पाड पोरं, सी. त्या पाच पोरांचा कोच कर्टिस टॉलिव्हर माझा शेजारी. शेजार वेगळा, श्रेणी वेगळी.

लेख लिहून झाल्यावर सवयीनं हाक मारली. वायनेल, माझी बायको, दर वेळी लेख वाचायची आणि पेन्सिलीनं एक वाक्य खोडायची. नेमकं माझं सगळ्यात आवडतं. "हॉलिस, हे नको," एवढंच. एप्रिलपासून कुणी खोडत नाही. लेख चांगले होताहेत असं सगळे म्हणतात.

संध्याकाळी दारात टॉलिव्हरची बायको रोशेल. हातात काचेचं भांडं, त्यात ओव्हनमध्ये भाजलेला चिकन-भात. "मिस्टर हॉलिस, गरम आहे तोवर खाऊन घ्या हं." लेख सोमवारी, चिकन रविवारी. मी भूमिती शिकवलीये बाई, दोन बिंदूंतून सरळ रेषा जाते हे मला कळतं. चिकन ठेवून घेतलं. सी तशीच ठेवली.


रविवार, १४ सप्टेंबर

हरलो. आणि कसे हरलो! क्वार्टरबॅक पोरगं चेंडू हातात घेऊन मान वर करेपर्यंत समोरचे तिघे त्याच्या छातीवर. आमची आघाडीची ओळ बाजूला उभी राहून बघत होती, सौजन्यानं.

सकाळी टॉलिव्हर मंडळी चर्चला निघाली होती. टॉलिव्हर अंगात काळा सूट आणि हातात पांढरे मोजे घालून गाडीत बसला. अलाबामात, सप्टेंबरात, हातमोजे! एवढ्या मोठ्या माणसाला थंडी वाजत असेल तर ओळीतल्या पोरांचं काय घेऊन बसलात?

त्यावरूनच की काय, लिहिता लिहिता सुचलं:

"आघाडीची ओळ: डी. चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून 'या, या, आत बसा' म्हणणारे स्वागतक असतात. बेल्मोरकडे तसे पाच आहेत. फरक एवढाच की चर्चमधले निदान ओळखीच्यांनाच आत घेतात."

तीनदा मोठ्यानं वाचलं. स्वयंपाकघरात कुणीच हसलं नाही, पण ते वाक्य झकास आहे. वायनेलनं हेच खोडलं असतं.


बुधवार, १७ सप्टेंबर

संपादक मार्लीनचा फोन. "सर, पेट्रोल पंपावरसुद्धा अंक संपला! लोक ते स्वागतकांचं वाक्य पाठ म्हणताहेत." मार्लीन माझी विद्यार्थिनी, वर्तुळाचा परीघ काढताना रडायची. आज तिनं मला चढवून ठेवलं.

रँडल स्पीअर्स भेटला. गाड्यांचं दुकान, कॉलेजला देणग्या, माझ्याकडे भूमितीत दोनदा नापास. त्यानं वाक्य कापून पाकिटात ठेवलंय. "पेटिग्रू सर, काय हाणलंत!" म्हणत पाठीवर थाप मारली. त्याच्या बापानंसुद्धा कधी माझी पाठ थोपटली नव्हती.


रविवार, २८ सप्टेंबर

काल घरचा सामना. विद्यार्थ्यांच्या भागात शेकडो पोरं पांढरे हातमोजे घालून बसलेली! आमची ओळ मैदानात आली की सगळे उभे राहून हात पसरायचे, "या, या, आत बसा!" माझं वाक्य, सगळं स्टेडियम म्हणतंय. चाळीस वर्षं पायथागोरस शिकवला, कुणी चौकात म्हणून दाखवला नाही.

ओळीतला एक पोरगा, डावीकडचा थोराड, बाकावर टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. उकाडा होताच. ओळ: डी प्लस. प्लस उकाड्याचा.

टॉलिव्हर आज चर्चला निघाला तेव्हा हात उघडेच होते. चला, थंडी गेली म्हणायची.

संध्याकाळी रोशेल हजर. केळ्याचं पुडिंग. चेहरा ओढलेला, पण बोलणं तेच: "गोड खाता ना तुम्ही?" भांडं निळ्या फुलांचं, हुबेहूब आमच्याकडे असायचं तसं. सगळ्या बायका एकाच दुकानात जातात वाटतं. मी म्हटलं, "रोशेल, याचा श्रेणीवर काही परिणाम होणार नाही बरं का."

"कशाचा, मिस्टर हॉलिस?"

किती साळसूद! पुडिंग उत्तम होतं. भांडी मी परत करत नाही. फ्रिजवर रचून ठेवतोय. उद्या कुणी म्हणालं की पेटिग्रू विकला गेला, तर पुरावा हवा.


रविवार, १२ ऑक्टोबर

परत हरलो. ओळ: डी. काही नवीन लिहायला सुचेना, म्हणून 'आमचे स्वागतक' एवढंच लिहिलं. लोकांना तेच हवंय.

सकाळी कॉफी घेऊन बाहेर आलो तर टॉलिव्हरच्या हिरवळीवर पाटी: 'घर विकणे आहे'. कुठल्यातरी भलत्याच घरापुढून उपटून आणून इथे ठोकलेली. खाली रंगानं लिहिलंय, 'पाच स्वागतकांसह'.

ही इथली जुनी रीत. टीम हरायला लागली की रात्री येऊन कोचच्या दारात विक्रीची पाटी ठोकायची. गावाला वाटतं फार विनोदी आहे. मला संताप आला. टीका करायची तर नाव लिहून पेपरात करा, माझ्यासारखी! लोकांच्या अंगणात कसली घुसता? आणि माझ्या वाक्यावर डल्ला मारून वर नावही नाही.

घरात हालचाल व्हायच्या आत जाऊन पाटी उपटली आणि गॅरेजमध्ये टाकली. कुणाला सांगितलं नाही. उगाच गैरसमज नको. माझ्या पोर्चवरून ती पाटी नजरेला खुपत होती, इतकंच.


सोमवार, २० ऑक्टोबर

काही नाही. टोमॅटोचं डब्यातलं सूप, सिंकपाशी उभ्यानं. बसून प्यायचं तर टेबल पुसावं लागतं.

रोशेलनं दार वाजवलं. "दोन दिवस तुमच्याकडे दिवा दिसला नाही, म्हणून आले." वीज वाचवतोय म्हटलं. ती आत येऊन टेबल पुसून गेली. पाळत ठेवणं म्हणतात ते हेच.


रविवार, २ नोव्हेंबर

आणखी एक पाटी. तीही गॅरेजमध्ये. आता तिथे गाडीपेक्षा पाट्या जास्त झाल्यात, माझा मालमत्तेचा धंदा चांगला चाललाय.

काल न्हाव्याकडे रँडल शेजारच्या खुर्चीत होता. गळ्याभोवती कापड, तरी तोंड मोकळं. "सर, ठरलंय जवळजवळ. शेवटच्या सामन्यापर्यंत ओळ सुधारली नाही, तर टॉलिव्हर घरी."

"ओळ सुधारतेय," मी म्हणालो. "गेल्या दोन सामन्यांत पोरांचे पाय नीट पडताहेत. क्वार्टरबॅकला आता निदान विचार करायला वेळ मिळतो."

"मग लिहा ना तसं!"

"लिहिलंय. सी प्लस दिली."

"सी प्लस कोण वाचतं सर? लोक स्वागतक वाचतात." आणि खदाखदा हसला. न्हावीही हसला. मीही थोडा हसलो, मान हलवता येत नव्हती.

घरी येऊन विचार केला. माझ्या श्रेणीवर कुणाची नोकरी जात नसते. मी विद्यार्थ्यांना नापास केलं तेव्हा ते त्यांच्या आकडेमोडीनं नापास झाले. हे मी पालकांना नेहमी सांगायचो. पटायचं नाही कुणाला, ती गोष्ट वेगळी.


गुरुवार, २७ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

टॉलिव्हरनं कुंपणावरून हाक मारली. "मिस्टर हॉलिस, दुपारी जेवायला या. टर्की माझ्या वजनाचा आहे."

"कोच, परवा शेवटचा सामना. ज्याला श्रेणी द्यायची त्याच्या ताटात जेवणं बरं दिसत नाही."

"मग श्रेणी टर्कीला द्या, मला नको." तो हसला. गालफडं बसलीयेत त्याची. ओळीच्या कोचचं वजन हंगामात वाढतं, याचं उतरलंय. डाएट करत असावा.

गेलो नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. दिवसभर टीव्हीवर दुसऱ्यांचे सामने बघितले. वायनेलची खुर्ची टीव्हीकडे पाठ करून ठेवलीये, ती तशीच असायची. तिला फुटबॉलमध्ये काडीचा रस नव्हता. संध्याकाळ झाली की "जरा येते" म्हणून कुठेतरी जायची, मी मध्यंतरापर्यंत विचारायचो नाही. घर आज फारच गप्प आहे. मला ते आवडत नाही. लिहिलं, डॉक्टर बाई, लिहिलं.

सातला दार वाजलं. टर्की, मक्याच्या पावाचं सारण, रताळी. परत काचेचं भांडं. बसून खाल्लं.


रविवार, ३० नोव्हेंबर

जिंकलो! कॅलवे टेकला हरवलं, त्यांच्याच मैदानात! आणि कुणी जिंकून दिलं? ओळीनं. त्या पाच पोरांनी शेवटच्या पंधरा मिनिटांत समोरच्यांना असं मागे रेटलं की आमचा धावणारा गडी चेंडू घेऊन चालत गेला असता तरी चाललं असतं. तो टॉवेलवाला थोराड तर एकाला उचलून बाजूला ठेवून आला. मी टीव्हीपुढे उभा राहून ओरडत होतो. घसा बसलाय. हे वहीबाहेर जाऊ नये.

रात्री लिहायला बसलो. 'आघाडीची ओळ:' आणि पुढे सरळ 'ए'. आयुष्यातली पहिली. बोटांनी आपली आपणच टाइप केली.

मग फ्रिजवरची भांडी दिसली. लोक काय म्हणतील? तीन महिने शेजाऱ्याचं चिकन, पुडिंग, टर्की, आणि शेवटी ए? पेटिग्रूची किंमत एक टर्की? ए खोडली. बी प्लस केली. बी प्लससुद्धा माझ्याकडून म्हणजे शाल-श्रीफळ आहे.

टॉलिव्हरकडे दिवसभर पडदे ओढलेले. दमून झोपले असतील. कमावली होती झोप.


मंगळवार, २ डिसेंबर

सगळं लिहितो. सकाळी बाहेर आलो, तर टॉलिव्हरच्या हिरवळीवर परत पाटी! कॅलवे टेकला हरवल्यावर! इतकं कृतघ्न गाव मी पाहिलं नाही. आणि ही पाटी साधी नव्हे: लोखंडी दांडा, हातभर आत गेलेला, वर एका हसऱ्या बाईचा रंगीत फोटो आणि फोन नंबर. म्हटलं, वा! टवाळखोर आता छापखान्यात जायला लागले. दांडा हलवून हलवून काढला. पाठ धरली.

या वेळी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. सगळा हिशेब एकदमच मिटवू. फ्रिजवरची भांडी टोपलीत भरली, पाटी काखेत मारली आणि त्यांच्या दारात गेलो. रोशेलनं दार उघडलं. मागे खोल्यांत खोकी.

मी भाषण तयार करून गेलो होतो. "रोशेल, एक तर ही पाटी. टवाळांचं काम, मी उपटली, आधीच्याही मीच उपटल्या, तुम्हाला कळू दिलं नाही. आणि दुसरं, ही तुमची भांडी. जेवण चांगलं होतं, पण हंगाम संपला. मी कुणाचं काही ठेवून घेत नाही."

ती पाटीकडे बघत राहिली, मग टोपलीकडे. हसावं की रडावं ते तिला कळेना.

"मिस्टर हॉलिस," ती हळू आवाजात म्हणाली, "पाटी आमची आहे. भांडी तुमची आहेत."

तिनं टोपलीतलं निळ्या फुलांचं भांडं काढलं. "मागच्या वर्षी बाळाच्या वेळी डॉक्टरांनी मला पलंगावरून उठू दिलं नव्हतं. कर्टिस दिवसभर मैदानावर. मिस वायनेल रोज संध्याकाळी काहीतरी घेऊन यायच्या. भांडी साठत गेली माझ्याकडे. मग त्या... माझी आई म्हणायची, भांडं रिकामं परत करायचं नाही. म्हणून एकेक करून भरून देत होते. तुम्हाला माहीत नव्हतं?"

जरा येते. महिनोन् महिने बाई रोज जरा येत होती, आणि मी मध्यंतरापर्यंत विचारत नव्हतो. स्वतःच्या घरातली भांडी मला ओळखता आली नाहीत. त्यातलं जेवण मी लाच म्हणून खाल्लं.

टॉलिव्हर मागून आला. नोकरी रविवारी सकाळीच गेली होती. मी ए खोडत बसलो त्याच्या कितीतरी आधी.

"जिंकल्यावरसुद्धा?" मी विचारलं.

"आधीच ठरलेलं होतं. बैठकीत तुमचा लेख निघाला, तो सप्टेंबरातला. रँडलसाहेबांनी पाकिटातून कात्रण काढून वाचून दाखवलं. सगळे हसले. मला बसायलाही सांगितलं नाही."

"कोच, ती डी..."

"डी बरोबर होती, सर. फिल्म मीही बघतो, त्या दिवशी मी माझ्या पोरांना डीच दिली होती. डीला माझी हरकत नाही. ते वाक्य कशाला हवं होतं? मी आमच्या चर्चमध्ये दारात उभा राहतो. माझे वडीलही राहायचे. ते हातमोजे त्यांचे आहेत. आता घातले की मागच्या बाकावरची पोरं हसतात."

चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो, प्रत्येक कारट्याला उत्तर होतं. "माझं चुकलं," म्हणालो. फार लहान वाक्य आहे ते. मला लाज वाटली. अजून वाटतेय.

"ती पाटी परत लावायला हवी," तो म्हणाला. "अकराला लोक घर बघायला येणार आहेत."

"मी काढली, मी लावतो."

दांडा जमिनीत जाईना. टॉलिव्हर कंबरेवर हात ठेवून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "पाय फाकवून उभे राहा. गुडघे वाकवा, कंबर नाही. अजून खाली. आता खालून वर नाही, खांद्यानं खाली दाबा!" दांडा गेला. मी घामाघूम होऊन मागे सरलो आणि विचारलं, "कशी आहे?"

त्यानं मान तिरकी करून बघितलं. "सी प्लस. डावीकडे कललीये."

मी वाद घातला नाही. खरंच कललेली होती.


रविवार, ७ डिसेंबर

मार्लीनला हंगामाची शेवटची गुणपत्रिका हवी होती. लिहिली. ओळीला ए दिली. त्यानं कुणाची नोकरी परत येत नाही हे मला कळतं, मी गणिताचा माणूस आहे. ते वाक्य कुणाचं होतं आणि कुणाला लागलं, तेही लिहिलं. शिवाय रँडलवर एक वाक्य सुचलं, काय वाक्य होतं! स्वागतकांच्या वाक्याच्या तोंडात मारेल असं. तीनदा मोठ्यानं वाचलं. मग ड्रॉवरमधून वायनेलची पेन्सिल काढली आणि खोडलं.

मार्लीनचा फोन आला. "सर, चुरचुरीत काहीच नाही यात. काही राहिलं का पाठवायचं?"

"हो," म्हटलं, "राहिलंय."


शनिवार, १३ डिसेंबर

टॉलिव्हर मंडळी आज गेली. टेक्सासात एका हायस्कूलच्या टीमवर काम मिळालंय. पगार कमी, पोरं लहान, तिथल्या पेपरात गुणपत्रिका नाही. मी चौकशी केली.

पहाटे उठून मक्याचा पाव केला. आयुष्यात पहिल्यांदा. ओव्हन कसा पेटतो इथपासून सुरुवात. खाली करपला, मधे कच्चा राहिला, भूमितीत अशक्य आहे पण झालं. निळ्या फुलांच्या भांड्यातच घेऊन गेलो, त्यावर फडकं.

सामानाचा ट्रक भरला होता. पुढच्या सीटवर, बाळाच्या सामानावर, पांढरे हातमोजे घडी करून ठेवलेले. मी तिकडे बघितलं नाही असं दाखवलं. रोशेलनं उभ्या उभ्या एक तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत होती. टॉलिव्हरनं विचारलं, "श्रेणी?"

"देऊ नकोस," ती म्हणाली, "रडतील ते." आणि भांडं फडक्यासकट गाडीत ठेवलं.

"अहो, भांडं माझं आहे," मी म्हणालो.

"माहितीये. परत आणून द्यावं लागेल."

"टेक्सासहून?"

"मग काय!"

"रिकामं चालणार नाही," मी म्हटलं. टॉलिव्हरनं हात पुढे केला, मी तो धरला, आणि त्यांची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी त्या कललेल्या पाटीशेजारी उभा होतो. मग घरी आलो, टेबल पुसलं आणि बसून जेवलो.